बसकूबाबाला मी जे सांगितले नाही

बसकूबाबा डोळे उघडे ठेवून बसत असे. मी त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, हा माणूस गेलेला आहे. देवराईच्या कडेला एक सपाट कातळ होता. त्यावर एक गुडघा उभा, एक आडवा, डावा तळहात बाजूच्या मातीवर टेकवलेला, आणि नजर समोरच्या दरीत. गालावर माशी फिरत होती, तिचाही त्याला पत्ता नव्हता. मी नुकताच पोलादपूर तालुक्यात ग्रामसेवक म्हणून बदलून आलो होतो आणि गुरांच्या नोंदी घ्यायला वरच्या वाडीत चढलो होतो. सोबतच्या माणसाला मी हळूच विचारले, "जिवंत आहे ना?" तो हसला. म्हणाला, "आमचा बसकू हाय तो. उठला का बोलंल."

बऱ्याच वेळाने तो उठून बाहेर आला आणि बोलला. मला म्हणाला, "भाऊसाहेब, चपला बदला. खालच्या वळणापासून वाजतायत. डावी जास्त वाजते." मी डावी चप्पल उचलून पाहिली. तिचा टाचेकडचा खिळा वर आला होता.

त्याचे खरे नाव कोंडीराम. बसकू हे नाव त्याच्या बायकोने रागाने ठेवले. "गुरं हंबरून मेली, श्यान पडलंय घोट्याएवडं, न् आमचा बसकू बसलाय तिकडं!" असे ती रोज सकाळी ओरडायची म्हणे. ती लवकर गेली, नाव राहिले. पुढे वय झाल्यावर मागे बाबा लागले. तिचा विषय निघाला की तो म्हणे, "ती वरडायची ते बरं व्हतं. मला ठाव व्हायचं, घरी समदं ठीक हाय."

वरची वाडी म्हणजे अकरा घरे. धनगरांची वस्ती. गुरे, थोडी नाचणी, थोडी वरी. तरुण माणसे मुंबईला, घरे बायका आणि म्हाताऱ्यांच्या भरवशावर. बाबाचा मुलगाही मुंबईतच होता, गणपती आणि शिमग्याला यायचा. घर चालवायची सून, यमुना. तिची जीभ सासूच्या वरताण होती, आणि बाबाला ती आवडायची.

वाडीच्या डोक्यावर देवराई. तिथे चप्पल घालायची नाही, काडी मोडायची नाही आणि बोलायचे नाही. पाणी भरायला बायका रोज तिथल्या झऱ्यावर जायच्या, पण हंड्यावर हंडा आपटला तेवढाच आवाज. देवराईची हद्द संपते तिथे गुडघ्याएवढा एक दगड होता. त्याला वाडीत सांगायचा दगड म्हणत. आतून जो कोणी बाहेर येईल त्याने त्या दगडापाशी जो पहिला भेटेल त्याला, आत पाहिलेली एक तरी गोष्ट सांगायची. समोरच्याने विचारायचे, "काय बगितलंस?" आणि "काय नाय" हे उत्तर चालत नसे. भेकराचे खूर, पडलेली फांदी, झऱ्यावरचे सुकलेले शेवाळ, काहीही. मला तो लहान मुलांचा खेळ वाटायचा. एकदा यमुना हंडा घेऊन बाहेर आली आणि बाबाने विचारले, तर ती म्हणाली, "तुमचं टक्कल बगितलं. उनात आसं चमाकलं, डोळंच दिपलं." बाबा म्हणाला, "मंग आता भाकरी करपंल." ती म्हणाली, "ती रोजच करपते. तुमी खाता ना गपगुमान?"

या सगळ्याकडे मी नोकरी संपेपर्यंत बाहेरूनच पाहिले. निवृत्त झालो, महाडला चवदार तळ्याच्या जवळच घर होते तिथे येऊन राहिलो, आणि दोन वर्षांत माझी पत्नी वारली. त्यानंतर मला झोप येईना. बसल्या जागी छाती धडधडायची, हाताला घाम सुटायचा. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेले नाही. मन शांत ठेवा." ते कसे ठेवायचे हे त्यांच्या चिठ्ठीत नव्हते. गावात ध्यानाचा एक वर्ग चाले, तिथे जाऊ लागलो. चटई, मंद संगीत, आणि शिकवणारा तरुण सांगायचा, "विचार येऊ द्या, जाऊ द्या. भीती येऊ द्या, जाऊ द्या." सगळे डोळे मिटून बसत. मी डोळे मिटले की मला हॉस्पिटलातला तो पलंग दिसायचा.

एका सकाळी मला बसकूबाबाची आठवण झाली. एसटीने पोलादपूर, तिथून वडापच्या जीपने पायथा, आणि मग दोनदा बसत एक तासाचा चढ. बाबा आता खूप म्हातारा झाला होता. मला त्याने आवाजावरून ओळखले.

"काय दुखतंय, भाऊसाहेब?"

"दुखत काही नाही. भीती वाटते."

"कशाची?"

"कशाचीच नाही."

त्याने यावर बराच विचार केला. मग म्हणाला, "मंग ती तुमची नसंल. दुसऱ्या कुणाची तरी आसंल. बसा, बगू कुणाची हाय."

त्याने मला कातळावर शेजारी बसवले. मी सवयीने डोळे मिटले, तर त्याने गुडघ्यावर चापट मारली. तिथे बोलायचे नव्हते म्हणून नंतर दगडापाशी आल्यावर म्हणाला, "डोळं मिटू नका. मिटलं तर तुमचंच तुमाला दिसंल. ते घरी बी दिसतंय. त्याच्यासाठी येवडा डोंगर कशाला चढायचा?" आणि ऐकायची त्याची पद्धत सांगितली. आधी लांबचे ऐकायचे. वारा दक्षिणेचा असला तर कशेडी घाट चढणाऱ्या ट्रकांची घरघर. मग खाली दरीतली नदी. मग वाडीतली गुरे. मग झरा. मग झाडावरचे काय असेल ते. स्वतःचा श्वास सगळ्यात शेवटी. तिथपर्यंत येईतो तो आपोआप मंद झालेला असतो. हात मातीला लावायचा, कारण काही गोष्टी कानाला उशिरा कळतात.

त्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर दुपारभर झोपलो. किती महिन्यांनी झोपलो ते मला सांगता येणार नाही. यमुनाने उठवले नाही, फक्त कोंबडी अंगावर चढली तेव्हा तिला हाकलले. त्यानंतर मी महिन्यातून एकदा जाऊ लागलो, मग आठवडा आठवडा राहू लागलो. यमुना म्हणायची, "भाऊसाहेब, तुमाला आमच्या रेशनकार्डात घालू काय?"

मी बरा झालो. आणि बरा झालो तसा मला त्याचा गर्व झाला, हे आज लिहिले पाहिजे. वर्गातल्या लोकांना मी बाबाबद्दल सांगू लागलो. ते भारावून ऐकत. त्यांच्यापुढे बोलताना मी बाबाचे बसणे आणि वर्गातले 'येऊ द्या, जाऊ द्या' यांची खुशाल सरमिसळ करत असे. एकदा ते बाबालाही समजावून सांगितले. भीती आली तर तिच्याकडे नुसते पाहायचे, ती निघून जाते, असे. तो खूप हसला. "कुटं जाते? इचारलंत काय तिला?" मग हसणे थांबवून म्हणाला, "मला भ्या वाटलं तर मी उठतो, भाऊसाहेब. उठून बगतो. बसायचं ते त्याच्यासाठी." मी मान हलवली. मला वाटले, साधा माणूस आहे, त्याला स्वतःची थोरवी शब्दांत मांडता येत नाही.

मग खालच्या अंगाला रस्ता रुंद करायचे काम निघाले. जेसीबीने उन्हाळाभर डोंगराचा पायथा कापला. रस्ता चांगला झाला, जीप वेळेवर येऊ लागली, सगळे खूश होते. बाबा एकटाच बदलला. तो सकाळी बसायचा तो संध्याकाळीही बसू लागला. दगडापाशी त्याला विचारले, "काय बगितलंत?" की तो म्हणायचा, "झरा घोगरा झालाय." दुसऱ्या खेपेला गेलो तर म्हणाला, "ऐन वाकलाय." मला तो ऐनाचा वृक्ष सरळच दिसत होता. वरच्या बाजूच्या गोठ्यात गुरे बसेनाशी झाली, रात्रभर उभी राहतात, असे यमुनाही म्हणाली, पण ती म्हणाली गोमाश्या झाल्या असतील.

देवराईतून एक बारीक चीर गेली होती, पाचोळ्याखाली, बोट आत जाईल एवढी. बाबाने काय केले, चिरेच्या अलीकडचा ऐन आणि पलीकडची जांभूळ यांना घायपाताच्या वाकाची दोरी बांधली. बांधली तेव्हा ती झोळीसारखी लोंबत होती. आषाढात मी गेलो तेव्हा ती ताठ झाली होती. त्याने माझे बोट धरून तिच्यावर ठेवले. एकतारीच्या तारेसारखी ती थरथरत होती. त्या वेळी वारा नव्हता.

त्याच दिवशी बाबाने सगळ्या वाडीला खाली उतरवले. म्हातारी माणसे, लहान पोरे, गुरे, सगळी पायथ्याच्या शाळेत. मी माझ्या जुन्या ओळखीतून कार्यालयात फोन केले. दोन साहेब आले, छत्री धरून चिरेत काठी घालून पाहिली आणि लक्ष ठेवा म्हणून सांगून गेले. तीन दिवस शाळेत काढले. पाऊस पडत राहिला आणि डोंगर होता तिथेच राहिला. नाचणीची लावणी खोळंबली, कुणाची म्हैस आटली. चौथ्या दिवशी लोक कुरकुरत वर निघाले. शेजारचा एकजण बाबाच्या तोंडावर म्हणाला, "आता बसणं बंद कर रे बाबा, तुजं बसणं आमाला उठवतंय." सगळे हसले. यमुनाही म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यानं वाडीला शाळंत घातलं. आता परीक्षा कदी?" बाबा हसला नाही, रागावलाही नाही. मला मात्र त्याच्या वतीने लाज वाटली. फोन मी केले होते. त्या साहेबांनी जाताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला लागली होती.

मीही त्यांच्याबरोबर वर गेलो आणि त्यांच्याकडेच राहिलो. पुढचे चार दिवस पाऊस कोसळत होता. पाचव्या दिवशी सकाळी तो थांबला आणि सगळीकडे धुके उतरले. बाबाला ताप होता, गुडघा सुजून भोपळा झाला होता. तो मला म्हणाला, "आज माज्या जागी तुमी बसा. उठून या न् सांगा. मी दगडापाशी येतो." त्याने आपली जागा कुणाला दिल्याचे मी कधी ऐकले नव्हते. माझी छाती फुगली, हे खरे आहे.

मी कातळावर बसलो. हात मातीला लावला. लांबून सुरुवात केली. ट्रक ऐकू आले नाहीत, धुके होते. नदी ऐकू आली, मोठी. वाडीत कुणाचा तरी हंडा वाजला. मग मी झऱ्यावर आलो, आणि तिथे काहीच नव्हते.

चार दिवस धो धो पाऊस पडल्यावर झरा गप्प होता. मी मान वळवून पाहिले. ज्या फटीतून पाणी येते ती ओली होती पण वाहत नव्हती. खालच्या डोहातले पाणी गढूळ आणि स्थिर होते. मग मी दोरीकडे पाहिले. ती तुटून ऐनाच्या खोडाशी लोंबत होती.

भीती मला आधी तळहातात वाटली. तिथून ती खांद्यापर्यंत आली आणि छाती धडधडू लागली, अगदी ती जुनीच धडधड. मी उठायला हवे होते. मी उठलो नाही. मी डोळे मिटले. येऊ दे, जाऊ दे, असे मनात म्हणत श्वास मोजू लागलो. वेळ लागला, पण धडधड उतरली. हात कोरडे झाले. आणि मग मला अशी शांतता लाभली, जशी त्याआधी कधी लाभली नव्हती आणि नंतर कधी लाभली नाही. धुक्यात आपण नाहीच असे वाटत होते. मला आठवते, माझ्या डोळ्यांतून समाधानाने पाणी आले. मी भीतीला जिंकले होते.

खाली दगडापाशी बाबा घोंगडी पांघरून बसला होता. काठी आडवी मांडीवर.

"काय बगितलंत?"

"धुकं," मी म्हणालो. "फार धुकं आहे."

"न् झरा?"

"नेहमीसारखा."

हा एक शब्द मी का बोललो, याचा विचार मी सात पावसाळे केला आहे. लोक पुन्हा त्याला हसतील असे वाटले, हे खरे. मला पुन्हा फोन करावे लागतील, हेही खरे. पण सगळ्यात खरे हे की झरा थांबलाय असे मी तोंडाने म्हटले असते तर मला मिळालेली ती शांतता तिथेच मोडली असती, आणि ती मला मोडायची नव्हती. अकरा घरांच्या डोक्यावर काय लटकते आहे ते पाहून मी खाली आलो होतो, आणि माझे लक्ष माझ्या श्वासावर होते.

बाबाने माझ्या तोंडाकडे पाहिले. नंतर माझ्या हाताकडे. "बरं," म्हणाला.

मी त्यांच्या ओट्यावर येऊन आडवा झालो आणि मला झोप लागली. गाढ. यमुना नंतर म्हणाली, मी घोरत होतो. मी झोपल्यावर बाबाने तिच्याकडून पेज मागून घेतली, अर्धी प्यायला, अर्धी ठेवली आणि काठी घेऊन उठला. ती म्हणाली, "कुटं चाललात ह्या पायानं?" तो म्हणाला, "जरा बगून येतो." सुजलेल्या गुडघ्याने त्याला तो चढ चढायला किती वेळ लागला असेल कोण जाणे.

मला जाग आली ती त्याच्या हाकेने. दरीच्या या अंगावरून त्या अंगाला गुराखी हाक घालतात तशी, लांब, पोटातून. मग शब्द. "धारंवर! समदी धारंवर जावा! गुरं सोडत बसू नका, माणसं काडा!" देवराईत कोणी मोठ्याने बोललेले त्या वाडीने पिढ्यान्पिढ्या ऐकले नव्हते. त्यामुळेच कुणी हसले नाही, कुणी विचारले नाही. बायकांनी चुलीवरची भांडी तशीच टाकली. यमुनाने आपली लहान मुलगी काखेत मारली, माझ्या दंडाला धरून ओढले आणि आम्ही सगळे शेजारच्या धारेवर, त्या दगडी सोंडेवर धावलो. हाक चालूच होती. आमच्यातले शेवटचे माणूस धारेवर पोचले तेव्हाही ती चालू होती.

मग मी पाहिले की धुक्यातून देवराई चालत खाली येत आहे. झाडे पडली नाहीत. उभीच्या उभी, जवळजवळ सावकाश, ती घरांच्या दिशेने सरकत आली. आवाज नंतर आला. तो आवाज मी लिहू शकत नाही. अकरा घरे, गोठे, बांधलेली गुरे, सगळे काही तांबड्या चिखलाखाली गेले, आणि डोंगराला एक ओली भगदाडासारखी जखम राहिली. धारेवर यमुनाने माणसे मोजली. कमी होता तो एकच.

त्याचे काहीही सापडले नाही. चार दिवस शोधले.

शाळेत पुन्हा सगळे एकत्र होते तेव्हा यमुना माझ्यासमोर येऊन बसली. रडून तिचे डोळे सुजले होते. "भाऊसाहेब, तुमी सकाळी बसून आलेलात ना? मंग बाबा परत का गेला?" मी म्हणालो, "त्यांना राहवलं नाही. सवय होती ना." तिने मान हलवली. बाबाने माझ्याकडे पाहिले होते तसेच तिनेही पाहिले, आणि ती उठून गेली.

त्यानंतर पत्रकार आले. त्यांनी मला विचारले, कारण मला नीट बोलता येत होते. मी म्हणालो की बाबा नेहमीप्रमाणे ध्यानाला बसले होते, त्या अवस्थेत त्यांना निसर्गाचा संकेत मिळाला, आणि वाडीला वाचवून ते त्याच अवस्थेत डोंगरात विलीन झाले. छापून आले. वर्गातल्या लोकांनी मंडळ काढले. तुटलेल्या डोंगराच्या कडेला, कातळाचा एक तुकडा शिल्लक होता तिथे, पत्र्याचा बोर्ड लावला. त्यावरचा मजकूर माझा. 'येथे बसकूबाबा ध्यानस्थ अवस्थेत निसर्गात विलीन झाले.' खाली माझे नाव. लोक येऊ लागले, महाडहून, पुण्याहून. ते येतात, डोळे मिटतात, तासभर बसतात आणि खूप शांत वाटले असे सांगून जातात. गेल्या वर्षी मंडळाने ठरवले की तिथे कायमचे ध्यानमंदिर बांधायचे, भर पावसातही बसता यावे म्हणून. पायाभरणीला मला बोलावले. जागा पाहायला मी माझ्या म्हाताऱ्या पायांनी वर गेलो. बोर्डाच्या मागे, हातभर अंतरावर, ताजी चीर होती. माझा हात मनगटापर्यंत आत गेला.

तिथून मी सरळ यमुनाकडे गेलो. वाडी आता पायथ्याला वसवली आहे, ओळीत बांधलेली घरे. ती दारात पावटे सोलत होती. मी उभ्यानेच सांगितले, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. झरा थांबला होता, दोरी तुटली होती, मी दोन्ही पाहिले होते आणि बाबाला खोटे सांगितले.

तिचे हात थांबले नाहीत. थोड्या वेळाने तिने विचारले, "तुमी उतरलात न् डोंगर आला, मधी किती येळ गेला?"

"दीड तास. जास्तच."

"दीड तास," ती म्हणाली. "गुरं निघाली असती. म्हातारं तर दगडापाशीच व्हतं. मी पाठुंगळी मारून आणलं असतं. वजन ते काय त्याचं." मी वाट पाहत होतो की ती शिवी देईल. ती शिवी मला हवी होती. ती उठली, आत गेली आणि पहार घेऊन आली.

"तो बोर्ड तुमचाच ना? तुमीच काडा."

आम्ही दोघे वर गेलो. ती पुढे, मी मागे. खिळे गंजले होते, तरी मला अर्धा तास लागला. तिने एकदाही हात लावला नाही, उभी राहून डोंगराकडे पाहत होती. बोर्ड निघाल्यावर मात्र तिने तो माझ्याकडून घेतला, डोक्यावर घेतला आणि खाली आणला. आता तो तिच्या लाकडांवर झाकण म्हणून आहे, अक्षरे खालच्या बाजूला.

दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला. तोच वर्गातला तरुण, आता तोही चाळिशीचा झाला आहे. आवाज त्याचा अजून तसाच मऊ. "काका, बोर्ड तुम्ही काढलात म्हणे? काही झालं का? मन अशांत आहे का तुमचं?"

मी त्याला चिरेबद्दल सांगितले. तो म्हणाला, इंजिनीअरला दाखवू, आधाराची भिंत घालू, लोकांची श्रद्धा आहे. मग मी त्याला सगळे सांगितले, यमुनाला सांगितले तसेच.

"पण काका," शेवटी तो म्हणाला, "आता लोक विचारतील, बाबा तिथे कसे गेले, का गेले. त्यांना काय सांगायचं?"

"माझ्यामुळे गेले असं सांगा."

मग त्याने विचारले, "हे लिहून द्याल?"

आयुष्यभर मी लोकांना दाखले लिहून दिले, कोण कुठे राहतो, कोण जन्मला, कोण वारला, आणि खाली सही केली. हाही तसाच लिहून देतो आहे. वर लिहिलेले सर्व मी स्वतः पाहिलेले आहे, आणि ते खरे आहे.